भरपाई नसलेली लढाई

'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजीतल्या वीरकाव्याच्या हस्तलिखितात ओळी पाडलेल्याच नाहीत. इ. स. 1000 च्या आसपासची ही एकमेव प्रत, 1731 च्या आगीत कडा करपलेली, आणि तिच्यात कविता गद्यासारखी सलग लिहिलेली. छापील आवृत्त्यांतल्या 3,182 ओळी संपादकांनी पाडल्या. कुठे पाडायच्या, हे त्यांना छंदाने आणि अनुप्रासाने सांगितलं. शोभा म्हणून आलेला अनुप्रास काढला तरी ओळ उभी राहते. इथे मात्र ती कोसळते.

नियम असा. ओळीचे दोन अर्धे, मधे यती, प्रत्येक अर्ध्यात दोन ठळक आघात. चारांपैकी तिसरा आघात मालक. त्याचा आरंभीचा ध्वनी पहिल्या अर्ध्यातल्या एका तरी आघाताशी जुळलाच पाहिजे, दोन्हींशी जुळला तरी चालतो. चौथा बाहेर राहतो. चौथी ओळ देवनागरीत साधारण अशी:

ऑफ्ट शिल्ड शेफिंग | शेअथेना थ्रेआतुम

तीन 'श' आणि मग मुद्दाम 'थ'. कुठलाही स्वर कुठल्याही स्वराशी जुळतो. 'स्त' फक्त 'स्त'शी, 'स्प' फक्त 'स्प'शी. नुसत्या 'स'वर भागत नाही. नवे वाचक हमखास फसतात ते शब्दाचं पहिलं अक्षर बघून. 'गे' हा उपसर्ग आघाताविना येतो, त्याला ओलांडून पुढचा ध्वनी ऐकायचा असतो. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता याच वाक्याचा, पुढच्या ओळीसकट, अर्थ. शेफचा मुलगा शिल्ड वैऱ्यांच्या टोळ्यांकडून, अनेक जमातींकडून, मद्याचे बाक हिरावून घेई. 'टोळ्या' आणि 'जमाती' एकाच गोष्टीची दोन नावं. घाईतला अनुवादक दुसरं नाव पुनरुक्ती म्हणून गाळतो आणि कवितेची चालच मोडतो. ही कविता पुढे सरकते तीच मुळी एक पाऊल मागे घेत, त्याच वस्तूला दुसऱ्या बाजूने बघत.

आणि बाकच का? मधाची दारू पिण्याच्या त्या बाकांवरच शपथा घेतल्या जात, भेटी मिळत, कोण कुणाचा माणूस ते ठरे. बाक गेले की टोळीला टोळी म्हणून बसायला जागा उरत नाही. 11व्या ओळीत कवी शिल्डवर शिक्का मारतो: तो चांगला राजा होता. आपण दचकतो, कारण आत्तापर्यंत नुसती दहशत आणि खंडणी ऐकली. पण या जगात राजाचं काम आणणं आणि वाटणं. त्याला 'कडी वाटणारा', म्हणजे सोन्याची कडी भेट देणारा, म्हणतात. सोन्यावर बसून राहतो तो ड्रॅगन.

अशा जोडनावांना केनिंग म्हणतात. समुद्र म्हणजे 'देवमाशाची वाट', शरीर म्हणजे 'हाडांचं घर'. ती कोड्यासारखी सोडवून मोकळं होण्यात मजा नाही. ग्रेंडेल या राक्षसाच्या आईशी झुंजताना काव्याचा नायक बेओवुल्फ याच्या हातात ह्रुन्टिंग ही नावाजलेली तलवार आहे. तिथे कवी 'तलवार' म्हणत नाही, म्हणतो की 'रणज्योत' चावेना. झगमगतं नाव दिलं आणि त्याच दमात ते फोल ठरवलं. अनुवादात नुसती 'तलवार' आली की हा फटका गेला.

कमी बोलून जास्त सांगणं तर जागोजागी आहे. ग्रेंडेल मेल्यावर कवी म्हणतो, त्याच्या जाण्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही. एवढंच.

सगळ्यात घट्ट वीण मला 2441व्या ओळीत दिसते. या समाजात खुनावर दोनच उपाय: सूड, नाहीतर वेरगिल्ड, म्हणजे मेलेल्या माणसाची दर्जानुसार ठरलेली किंमत. गेआट, म्हणजे बेओवुल्फची जमात, त्यांचा राजा ह्रेथेल याच्या एका मुलाच्या, हॅथक्युनच्या, बाणाचा नेम चुकतो आणि थोरला भाऊ हेरेबेआल्ड मरतो. बापाने सूड कुणावर घ्यायचा? दंड कुणाकडून मागायचा? कवी म्हणतो:

फेओहलेआस गेफेओह्त

'फेओह' म्हणजे गुरंढोरं, धन. 'लेआस' म्हणजे विना. 'गेफेओह्त' म्हणजे लढाई. 'गे' ओलांडा, म्हणजे 'फ'ला 'फ' भेटतो. धन आणि लढाई या कायद्याने एकमेकांना बांधलेल्या दोन गोष्टी. नाद त्यांना जोडतो आणि मधला 'लेआस' त्यांना तोडतो. दोन शब्दांत वेरगिल्डची सगळी व्यवस्था कुठे तुटते ते दाखवलं.

पुढे ह्रेथेलच्या दुःखासाठी एक उपमा येते: मुलगा फासावर लटकलेला, आणि त्याचा म्हातारा बाप. त्यालाही सूड नाही, भरपाई नाही. तो अंथरुणाकडे जातो, एकटाच त्या एकट्यासाठी शोकगीत म्हणतो, आणि शेतं, घर, सगळंच त्याला फार ऐसपैस वाटू लागतं.