ताई, तू मॉलला जा, मला म्युझियमला सोड

नोव्हेंबरात ताईकडे अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला जायचंय आणि मी सध्या घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बसून फक्त तिथल्याच डेटनच्या एअर फोर्स म्युझियमचा प्लॅन करतोय. एन्ट्री फुकट, पार्किंग फुकट, विमानं नि मिसाइल्स मिळून ३५० च्या वर, चार अवाढव्य हँगर, आणि ताई म्हणते दोन तासात उरकू! मी सरळ चौथ्या हँगरपासून सुरू करणार, पाय ताजे असताना, कारण तिथे एक्सबी-७० वाल्किरी आहे, आवाजाच्या तिप्पट वेगाचं बॉम्बर, बनली दोनच, एक १९६६ मध्ये पडलं, उरलेलं हे. तिथेच अध्यक्ष केनेडींचं बोइंग विमान, आत चालत जाता येतं. १९६३ मध्ये त्यांच्या हत्येनंतर शवपेटी ठेवायला मागच्या सीट्स काढून पार्टिशन कापलं, ती जागा बघायचीये. पॅसेज मात्र एवढा अरुंद की भावजींना अंग चोरून जावं लागेल (त्यांना अजून सांगितलेलं नाही). मग बॉक्सकार, म्हणजे नागासाकीवर अणुबॉम्ब टाकणारं विमान, बाकी जमेल तसं. गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाला म्युझियम बंद, म्हणजे शुक्रवारी जायचं, आणि नेमका त्याच दिवशी मॉलला सेल, त्यामुळे भांडण फिक्स.