पिशवीतलं माझं अक्षर

"आत्या रात्रभर झोपत नाहीत, ताई. उठून बसतात, खाजवतात, परत पडतात." सुनेनं एवढं सांगितलं आणि सासूनं तिच्याकडे असं बघितलं की ती गप्पच झाली.

सोमवार, म्हणजे आमच्याकडे आठवड्याचा बाजार. ओपीडीबाहेर चाळीसेक बायका. मावशींचं वय ६२. त्यांनी काही न बोलता कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. पिळून चपट्या झालेल्या ट्यूबा, कसल्याशा मलमाची डबी, मेडिकलवाल्यानं आपल्याच मनानं दिलेलं गजकर्णाचं क्रीम आणि घड्यांवर फाटत आलेल्या चिठ्ठ्या. त्या चाळताना मी थांबले. एका चिठ्ठीवर माझंच अक्षर होतं. तीन वर्षांपूर्वीची तारीख. 'खाज, ६ महिने. क्लोट्रिमॅझोल, १४ दिवस.' म्हणजे बुरशीवरचं मलम. तपासणीच्या जागी काहीच लिहिलेलं नाही.

म्हणजे मी त्यांना टेबलावर घेतलंच नव्हतं. बहुधा तोही सोमवारच असणार.

या वेळी घेतलं. तयार व्हायलाच त्यांना दहा मिनिटं लागली. सिस्टरनी दोनदा पडदा नीट केला, तरी हात साडीवरून निघेना. योनीच्या बाहेरच्या या भागाला आम्ही व्हल्व्हा म्हणतो. मराठीतला पुस्तकी शब्द कुणी वापरत नाही. बायका म्हणतात 'जागा'. जागेला खाज, जागेवर आग. नाव घ्यायचीच चोरी, तिथे दाखवणार कुठून?

कातडी पांढरी पडली होती, लसणाच्या सालासारखी पातळ, चुरगळलेली. आतले ओठ विरून बाहेरच्या ओठांना चिकटलेले. हा लायकेन स्क्लेरोसस, कातडीचा एक आजार. बुरशी नव्हे, संसर्ग नव्हे, कुणाकडून आलेला नाही, कुणाला लागतही नाही. उजव्या बाजूला मात्र सुपारीएवढी कडक गाठ होती आणि तिच्या टोकाला जखम. बोट लावताच रक्त आलं. जांघा चाचपल्या, तिथे हाताला काही लागलं नाही.

"कधीपासून आहे ही गाठ?"

"दिवाळीच्या आधीपासून."

दिवाळी होऊन पाच महिने झाले होते.

त्याच दिवशी बायोप्सी घेतली. भूल देऊन ४ मिलिमीटरच्या पंचनं, म्हणजे गोल पात्यानं, तुकडा काढला, तोही जखमेच्या मधून नाही, काठावरून. मधला भाग बऱ्याचदा नुसता मेलेला असतो आणि रिपोर्ट काहीच सांगत नाही. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत तळाला गेला. रिपोर्ट आठवड्यानं आला: स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीच्या पेशींचा कर्करोग, आत शिरल्याची खोली ३ मिलिमीटर.

ही खोली फार महत्त्वाची. गाठ २ सेंटिमीटरच्या आत आणि खोली १ मिलिमीटरपर्यंतच असेल, तर जांघेतल्या लसिकाग्रंथींना हात लावावा लागत नाही. त्यापुढे त्या तपासाव्याच लागतात. पूर्वी सरसकट दोन्ही जांघांतल्या ग्रंथी काढून टाकत. कित्येकींचे टाके उसवत, पाय जन्मभर सुजलेले राहत. आता गाठ एकच आणि ४ सेंटिमीटरपेक्षा लहान असली, वर जांघेत काही लागत नसलं, तर कर्करोग पहिल्यांदा जिथे पोचेल तेवढीच लसिकाग्रंथी शोधून काढतात. डच डॉक्टरांच्या पुढाकारानं झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. एकच गाठ असलेल्या आणि ती पहिली ग्रंथी स्वच्छ निघालेल्या २५९ बायकांपैकी फक्त ६ जणींच्या जांघेत आजार परतला. मावशींना याच ऑपरेशनसाठी मुंबईला पाठवलं.

सून निघताना दारातून मागे वळली. मुलीला पुण्याची लस द्यावी का, म्हणाली. तिच्या मनात सिरमची सर्व्हाव्हॅक होती, एचपीव्ही या विषाणूवरची लस. जरूर द्या, म्हटलं. तुलनेनं तरुण बायकांत हाच कर्करोग एचपीव्हीमुळे होतो, त्याला ती लस अडवते. आत्यांची वाट वेगळी, त्यांचा आजार या पांढऱ्या कातडीतून आला.

त्या रात्री मी २०१५ सालचा एक ऑस्ट्रेलियन शोधनिबंध पुन्हा काढून वाचला. लायकेन स्क्लेरोससच्या ५०७ बायका. त्यातल्या ३५७ जणींनी स्टेरॉइडचं मलम सांगितल्याप्रमाणे लावलं. त्यांच्यात कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था कुणालाच झाली नाही. उरलेल्या १५० जणींनी अधूनमधून लावलं, त्यातल्या ७ जणींना झाली. हे आकडे मला ठाऊक नव्हते असं नाही. क्लोट्रिमॅझोल लिहिलं त्या दिवशीही ठाऊक होते.

मावशी दोन महिन्यांनी आल्या. ग्रंथी स्वच्छ निघाली होती, पाय सुजले नव्हते. "दुसऱ्या दिवशी लघवी निळी झाली बाई, मी म्हटलं आता आणि काय!" ग्रंथी शोधायला टोचलेला तो रंग. सांगितल्यावर तोंडाला पदर लावून हसल्या. मग मी ती जुनी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. "मावशी, हे अक्षर माझं आहे. तेव्हाच बघायला हवं होतं."

त्यांनी चिठ्ठी उलटसुलट केली. वाचता येत नाही त्यांना.

"तवा तुम्ही म्हणाला असता तरी मी झोपले नसते टेबलावर."

असेल तसं. पण मी म्हणालेच नव्हते. क्लोबेटासॉल या स्टेरॉइड मलमाची ट्यूब लिहून दिली. आठवड्यातून दोनदा, वाटाण्याएवढं, कायमचं. लावायचं कुठे ते हातात आरसा देऊन दाखवलं. आरशात त्या बराच वेळ बघत राहिल्या. ६२ वर्षांत पहिल्यांदाच.

"बाहेर धाकटी बहीण बसलीय," उतरताना म्हणाल्या. "तिलाबी खाज हाय. नाही म्हणेल, पण घ्या आत."