चार बोटांची बिनतारी वीज

घरात येणारी वीज तारेतूनच येते, ही आपली समजूत जवळजवळ खरी आहे. ती पूर्ण खरी नाही, याला कारण गावाबाहेर दोन खांबांच्या मध्ये बसवलेला टीसी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरांना आणि मलप्रभेकाठच्या उसाच्या मळ्यांना ज्या ट्रान्सफॉर्मरमधून वीज मिळते, त्याच्या पोटात तांब्याच्या तारेची वेगवेगळी वेटोळी असतात. एका बाजूच्या वेटोळ्यांवर ११,००० व्होल्टचा दाब येतो, दुसऱ्या बाजूने आपल्या कामाचा उतरलेला दाब बाहेर पडतो, आणि या दोन बाजूंची टोके एकमेकांना कुठेही जोडलेली नसतात. पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, त्याच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र तितक्याच वेळा वाढते, ओसरते आणि उलटते, आणि त्या बदलातून दुसऱ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. दोघांच्या मधला लोखंडी गाभा हे क्षेत्र इकडेतिकडे सांडू देत नाही, म्हणून वाया जाणारी वीज अगदी थोडी असते. घरच्या घरी करायच्या बिनतारी कॉइलमध्ये आपण फक्त तो गाभा काढून टाकतो आणि मग काय काय सांडते ते पाहत बसतो.

सामान फारसे लागत नाही. एक पेन्सिल सेल, टूएन२२२२ या क्रमांकाचा एक ट्रान्झिस्टर (प्रवाह झटपट जोडणारा-तोडणारा तीन पायांचा भाग), २७ किलोओहमचा एक रेझिस्टर, एक एलईडी आणि इनॅमलची तार एवढ्यात काम भागते. तार मात्र मी मोटार रिवायंडिंगच्या दुकानातूनच घेते. उन्हाळ्यात विहिरींचे पाणी खाली गेले आणि वीज कमी दाबाने येऊ लागली की पंपांच्या मोटारी जळतात, आणि त्या दुकानासमोर त्यांची रांग लागते. तिथे तार वजनावर मिळते, आणि गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे गणित दुकानात दोनदा गेलेल्या माणसालाही पाठ होते.

मोटारपंपाच्या पाइपचा एक तुकडा घेऊन त्यावर पंधरा वेढे घ्यायचे, तिथे तारेचा एक लांबट फास बाहेर काढून ठेवायचा आणि त्याच दिशेने आणखी पंधरा वेढे पुरे करायचे. दिशा उलटली तर सर्किट चालतच नाही. मधला फास सेलच्या धन टोकाला, एक टोक ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायाला, दुसरे टोक रेझिस्टरमधून बेस या पायाला आणि उरलेला पाय, एमिटर, ऋण टोकाला, अशी जोडणी होते. दुसरे वेटोळे तर आणखी सोपे आहे: सलग तीस वेढे आणि दोन टोकांना एलईडी. इनॅमलची तार दिसायला उघडी वाटते, पण तिच्यावरचा पारदर्शक थर पॉलिश पेपरने घासून काढल्याशिवाय तिच्यातून काही बाहेर येत नाही. घासताना तो तांबूस तपकिरी रंग जातो आणि आतून नव्या पैशासारखे गुलाबीसर तांबे दिसू लागते. खरा वेळ या घासण्यातच जातो आणि कंटाळाही त्याचाच येतो.

वेटोळ्यातून वेटोळ्यात वीज उत्पन्न होण्याचे हे तत्त्व शोधणाऱ्या मायकेल फॅरेडेला १८३१ सालच्या ऑगस्टमध्ये इनॅमलच्या तारेचीसुद्धा सोय नव्हती. लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळताना वेढ्याला वेढा लागू नये म्हणून त्याने मध्ये सुती कापड आणि दोरा घातला होता. आमच्या रिवायंडिंगच्या दुकानात आजही मोटारीतल्या कॉइलची टोके कॉटन टेपने आणि दोऱ्याने आवळून वर वार्निश देतात, ते पाहताना मला हटकून त्या कड्याची आठवण होते.

सेल जोडल्यावर पहिल्या वेटोळ्याकडे पाहून काहीच कळत नाही. दुसरे वेटोळे वरून हळूहळू खाली आणू लागलो की चार बोटांवर एलईडीत एक ठिपका उमटतो, दोन बोटांवर तो स्पष्ट दिसतो आणि वेटोळ्यावर वेटोळे टेकले की डोळ्यांना लागतो. इथे नवल अंतराचे आहे तितकेच दाबाचेही. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात आणि सेल तर दीड व्होल्टचा. पण ट्रान्झिस्टर प्रवाह झटक्यात तोडतो तेव्हा कोसळणाऱ्या क्षेत्रातून त्याहून मोठा दाब उसळतो. ही तोडजोड टीसीच्या आवर्तनांच्या हजारो पट वेगाने चालते, कारण लोखंडाची उणीव वेगानेच भरून काढावी लागते. मध्ये वही धरा, पाट धरा, प्रकाश हलत नाही. दुसरे वेटोळे आडवे होते ते उभे केले की मात्र एलईडी विझतो, कारण क्षेत्राच्या रेषा आता त्याच्या पोटातून जात नाहीत. जर्मनचे झाकण मध्ये सरकवले तरी तेच होते, कारण झाकणाच्या पत्र्यातच प्रवाह फिरू लागतात आणि क्षेत्राला विरोध करतात. माझा भाचा हा खेळ जेवणाचे ताट वाढून ठेवले तरी सोडत नाही.

“मावशी, मग खांबावरच्या तारा कधी काढायच्या?” हा प्रश्न त्याने विचारला, पण तो संशोधक निकोला टेस्लालाही पडला होता. न्यूयॉर्कजवळ वॉर्डनक्लिफ येथे १९०१ मध्ये त्याने त्यासाठी मनोरा उभारायला घेतला, पुढे पैसा आटला आणि १९१७ मध्ये तो मनोरा पाडला गेला. अडचण केवळ पैशाची नव्हती, असे मला वाटते. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने बरेच दूर गेल्यावर अंतर दुप्पट झाले की क्षेत्र आठपट घटते आणि मिळणारी वीज चौसष्टपट. २००७ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी दोन्ही वेटोळी एकाच वारंवारतेला जुळवून २ मीटरवरचा ६० वॅटचा दिवा पेटवला, तेव्हाही सुमारे ४० टक्केच वीज पलीकडे पोचली. पाच हॉर्सपॉवरच्या पंपाला पावणेचार हजार वॅट लागतात, तेव्हा मळ्यातल्या तारा इतक्यात उतरत नाहीत. मोबाइलची बिनतारी चार्जिंगची चकती याच तत्त्वावर चालते. फोन जरा बाजूला सरकला की ती रुसते, आणि गंमत म्हणजे तिला स्वतःला भिंतीपर्यंत वायर लागतेच.

ही कॉइल दुकानातल्या अण्णांना दाखवायला नेली, तेव्हा एलईडीकडे त्यांनी ओझरते पाहिले आणि वेटोळे हातात घेऊन ते बराच वेळ फिरवत राहिले. “ओ टीचर, फेरे ढिले सोडलासा की. आधी बांधून घ्या,” असे म्हणून त्यांनी कॉटन टेपचा एक तुकडा कापून दिला आणि तार घेतली तेव्हा लावले होते तितके पैसे या वेळी घेतले नाहीत. टेप मी तीन ठिकाणी आवळून बांधली. प्रकाशात काडीचाही फरक पडला नाही, पण वेटोळे आता टेबलावर नीट उभे राहते.