काइटसर्फिंग शिकायला कल्पिटिया: क्लास निवडताना काय काय विचारायचं

जुलैत मी आणि माझा मामेभाऊ श्रीलंकेत कल्पिटियाला काइटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या ओढीने बोर्डवर उभं राहून पाण्यावरून जाणं) शिकायला जाऊन आलो, तेव्हापासून ओळखीपाळखीतले बरेच जण विचारतायत की कुठला क्लास घ्यायचा, किती पैसे, पोहता यायला लागतं का, आणि गोव्यात का नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

गोव्याचं आधी. मोरजीमला काइट्स उडताना दिसतात, पण तिथला वारा दुपारनंतर येतो, हलका असतो आणि काही तासांत पडतो, म्हणजे नवशिक्याचा निम्मा वेळ वाळूत बसून वाट बघण्यात जाणार. पावसाळ्यात वारा भरपूर, पण तेव्हा आपल्या किनाऱ्यावर समुद्र खवळलेला आणि वॉटरस्पोर्ट्स बंद. गंमत म्हणजे कल्पिटियाला साधारण मे ते ऑक्टोबर जो वारा असतो तो हाच, आपला नैऋत्य मोसमी. कोकणात तो सह्याद्रीला अडतो आणि धो धो कोसळतो, कल्पिटिया मात्र सपाट आहे आणि लंकेच्या कोरड्या पट्ट्यात येतं, त्यामुळे ठाण्यातून छत्री घेऊन निघालो आणि तिकडे उतरलो तर कडक ऊन आणि नारळाची झाडं एका बाजूला वाकलेली.

दुसरा सीझन डिसेंबर मध्यापासून मार्चपर्यंत, तेव्हा वारा ईशान्येकडून येतो आणि जरा हलका असतो. मे ते ऑक्टोबरच्या सीझनमध्ये १८ ते २५ नॉट वारा ही रोजची गोष्ट (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी, गुणाकार करून बघा). शिकायला खरं तर १२ ते १८ बरा. त्यामुळे वजनाने हलके असाल, जोराच्या वाऱ्याची भीती वाटत असेल तर हिवाळा धरा, आमच्यासारखे सुट्टी मोजून आणणारे असाल आणि वारा नक्की हवाच असेल तर मे किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातली सगळी जनता तिथे असते आणि लगूनमध्ये (समुद्रालगतच्या शांत, उथळ पाण्यात) काइट्सची इतकी गर्दी होते की शिकणाऱ्याला जागाच उरत नाही. काइटच्या दोऱ्या २० ते २४ मीटर लांब असतात, तेव्हा तुम्ही एकटे दिसत असलात तरी जागा एका छोट्या बंगल्याएवढी खाता.

आता मुद्द्याचं. तिथे ढिगाने शाळा आहेत, सगळ्यांच्या वेबसाइटवर तोच निळा फोटो, तेच पॅकेज, राहणं-खाणं-शिकवणी एकत्र. भाव बघून निवडू नका असं मी म्हणणार नाही, भाव बघाच, पण तासाचा भाव म्हणजे नक्की कशाचा भाव ते विचारा. कारण एक तासाच्या क्लासमध्ये काइट तुमच्या हातात किती मिनिटं असणार, हा एकच प्रश्न महत्त्वाचा आहे. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

म्हणजे बघा, चार जणांचा ग्रुप, एक शिक्षक आणि दोन काइट्स, हे स्वस्त पडतं आणि नियमात बसतंही. पण दर तासाला तुमच्या वाट्याला अर्धा तास येतो, त्यातून शिक्षक दोघांत वाटलेला, त्यातून दोऱ्या गुंतल्या की सगळेच थांबले. दोघांत एक काइट हा प्रकार आम्ही घेतला होता कारण वाटलं जोडीने आलोय तर सोयीचं. पण माझं वजन ८२, भाऊ ५८ किलोचा. ९ मीटरचा (म्हणजे ९ चौरस मीटर कापडाचा) काइट मला जेमतेम पाण्यातून उठवणार आणि तोच काइट त्याला फरफटत नेणार, मग दर पाळीला एकाला तरी चुकीचा काइट. आमच्या शिक्षकाने हे पहिल्याच सेशनला ओळखलं आणि स्वतःहून मला वेगळ्या वजनदार पोराबरोबर लावलं, पण सगळीकडे असं करतीलच असं नाही. नवरा-बायको, बाप-लेक अशा जोड्यांनी जायचं असेल तर बुकिंग करतानाच दोघांची वजनं कळवा आणि उत्तर काय येतं बघा. "नो प्रॉब्लेम" एवढंच आलं तर दुसरी शाळा शोधा.

माझं मत विचाराल तर पहिले दोन-तीन तास, म्हणजे वाळूवरचं आणि काइट हातात घेण्याचं बेसिक, ग्रुपमध्ये करा, दुसऱ्याचं बघूनही शिकता येतं आणि दमही खाता येतो. बोर्ड पायात यायला लागला की मात्र एकट्याचा क्लास घ्या, पैसे तिथे घाला. तेव्हा कानात रेडिओ असलेलं हेल्मेट देतात का तेही विचारा, कारण एकदा तुम्ही ५० मीटर पुढे गेलात की वाऱ्यात शिक्षकाची हाक ऐकू येत नाही, तो किनाऱ्यावर हात हलवत राहतो आणि तुम्हाला वाटतं कौतुक करतोय.

सर्टिफिकेटचं बरेच जण विचारतात. आयकेओ ही या खेळातली मोठी संस्था, शिक्षकाकडे तिचं चालू लायसन्स आहे का बघा, जर्मन व्हीडीडब्ल्यूएस किंवा ब्रिटिश बीकेएसए असेल तरी चालतं. शाळेच्या बोर्डवर लोगो असणं वेगळं आणि तुम्हाला शिकवणाऱ्या पोराकडे लायसन्स असणं वेगळं. तुमचं कार्डसुद्धा मागून घ्या, त्यावर कुठली पायरी झाली ते लिहिलेलं असतं, उद्या व्हिएतनाम नाहीतर रामेश्वरमला गेलात तर पुन्हा शून्यापासून पैसे भरावे लागत नाहीत. रामेश्वरमजवळही शिकवतात बरं का, दर्शनाला जाणाऱ्यांनी नोंद घ्या.

शिकवण्याचा क्रम साधारण असा: वारा कुठून येतोय, काइट घड्याळाच्या काट्यासारखा १२ वर (थेट डोक्यावर), १० वर, २ वर धरणं, मग बोर्डशिवाय काइटने स्वतःला पाण्यातून ओढवून घेणं, मग बोर्ड. काही शाळा तिसऱ्या पायरीवर घाई करतात कारण गिऱ्हाइकाला बोर्डवरचा फोटो हवा असतो. असं होऊ देऊ नका. बोर्ड पायातून सुटला की तो तुमच्या मागे, वारा येतो त्या बाजूला राहतो आणि तो आणायला ते तिरकं ओढवून घेणंच लागतं, दुसरा उपाय नाही. तसंच क्विक रिलीज, म्हणजे छातीसमोरचं ते लाल हँडल ढकलून काइटची ताकद घालवणं, हे तोंडी सांगून भागत नाही, पाण्यात खरोखर ढकलायला लावतात का बघा. आणि खोल पाण्यात काइट पडला तर दोऱ्या गुंडाळून त्यालाच होडी करून परत येणं, हेही. शेजारच्या कॅम्पातली एक मुलगी बोर्डवर मस्त जात होती पण तिला हे कुणीच शिकवलं नव्हतं, ती लगूनच्या दुसऱ्या टोकाला अडकली आणि मच्छीमाराच्या बोटीतून परत आली.

एकूण वेळ म्हणाल तर ९ ते १२ तासांत बऱ्याच लोकांना छोट्या छोट्या राइड्स जमतात. ज्या जागेवरून निघालो तिथेच परत येणं, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध तिरकं जाणं, त्याला आणखी वेळ लागतो आणि ते येईपर्यंत कुठलीही शहाणी शाळा सामान भाड्याने देत नाही. म्हणून "पहिले तीन दिवस क्लास, मग चार दिवस भाड्याने घेऊन खेळू" असं बजेट करू नका, सगळे पैसे शिकवणीलाच लागणार धरून चाला. एकदम दहा तासांचं पॅकेज आधी भरू नका, दोन तास घ्या, शिक्षक जमला तर पुढचं. वारा पडला तर तास पुढे ढकलतात की पैसे बुडतात, रोज तोच शिक्षक मिळेल का, सामान फाटलं तर कोण भरणार, हे व्हॉट्सॅपवर लिहून घ्या.

पोहता येणं हवंच. लगून वाळूच्या दांड्यामागे असल्याने लाटा नाहीत, कडेला कमरेएवढं पाणी आहे, पण मध्ये खोल आहे. आणि ताकद फार लागते हा गैरसमज, ओढ हार्नेसवर (अंगाला बांधलेल्या रुंद पट्ट्यावर) येते, हातावर नाही. जो संक्रांतीला हिसके देऊन मांजा काटतो त्याला इथे जास्त त्रास होतो, माझा भाऊ त्याचं चालतंबोलतं उदाहरण, बार (काइट धरायचा दांडा) ओढला की काइट अजून जोर धरतो आणि घाबरून तो अजून ओढायचा. सोडून द्यायला शिकेपर्यंत भरपूर खारं पाणी प्यायला.

जायचं कसं: मुंबईहून कोलंबो थेट विमान, विमानतळ कटुनायकेला, म्हणजे शहराच्या उत्तरेला, त्यामुळे कोलंबोत शिरायची गरज नाही. चिलाव, पुत्तलमच्या रस्त्याने पालावीला डावीकडे वळायचं, गाडीने तीन तास धरा. बसने पण जाता येतं, स्वस्त पण हळू. नोरोच्चोलेच्या वीजकेंद्राची चिमणी आणि पवनचक्क्या दिसल्या की आलंच. ऑगस्टमध्ये तलविलाच्या सेंट अ‍ॅन चर्चची जत्रा असते, त्या दिवसांत हा रस्ता तुंबतो, तारखा बघून जा. घड्याळ बदलायचं नाही, वेळ आपलीच. जेवण म्हणजे भात, मासे, नारळ, पोल सांबोल (ओल्या नारळाची तिखट चटणी), मालवणी माणसाला काही अडचण नाही, शाकाहाऱ्यांना डाळ आणि फणसाची भाजी मिळते.

बॅगेत पूर्ण बाह्यांची लायक्रा, पट्टा असलेला गॉगल, झिंकवालं सनस्क्रीन, शिंपल्यांसाठी पाण्यातले बूट. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना काइटसर्फिंग त्यात धरलंय का ते बारीक अक्षरात वाचा, साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा नसतं आणि वेगळा रायडर (पॉलिसीला जोडून घ्यायचं जादा कव्हर) घ्यावा लागतो. एक सुट्टीचा दिवस मध्ये ठेवा, बरगड्यांना हार्नेस लागून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हसताना पण दुखतं. त्या दिवशी गावातला १६६७ चा डच किल्ला बघून या, नाहीतर नुसते पडून राहा, गाढवं मोकाट फिरतात तिथे, चपला आत ठेवा.