फरशीखाली

सप्टेंबरात पूर्व भागातल्या एका बोळात आठवड्याभरात डेंग्यूचे तीन पेशंट निघाले. तिन्ही बायका, तिघीही विड्या वळणाऱ्या. पुरुष एकही नाही, तेव्हाच खटकायला हवं होतं.

कंटेनर सर्व्हे म्हणजे घरोघरी जाऊन साठवलेल्या पाण्यात टॉर्च मारायचा. सोलापुरात चार-पाच दिवसांनी नळ येतो, त्यामुळे घरात हंड्यापासून बॅरलपर्यंत सगळं भरलेलं. 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा' असं आम्ही सांगतो खरं, पण शंभरावर किलोमीटरवरच्या उजनीहून आलेलं पाणी ओतून द्या म्हणताना माझीच जीभ अडखळते. या बोळात तर बॅरलना फडकी घट्ट बांधलेली. एकवीस घरं झाली, अळी एकही नाही.

बाविसाव्या घरात उतरायला दोन पायऱ्या. रस्त्यावर रस्ता चढत गेला आणि घरं खाली राहिली. वरपर्यंत पाणी चढत नाही, म्हणून उंबऱ्यालगत खड्डा खणून नळ त्यात घेतलेला, वर शहाबादी फरशी. फरशीवर पोतं टाकून अक्का बसलेल्या, मांडीवर सूप.

"काय शोधालाव सिस्टर?"

"अक्का, जरा उठता का?"

फरशी सरकवली. तळाशी वीतभर नितळ पाणी. टॉर्च पडताच पृष्ठभागाला उलट्या लटकलेल्या अळ्या वळवळत खाली गेल्या. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, आणि दर चार-पाच दिवसांनी नळ गळून हा खड्डा पुन्हा भरतो. सुकणार कधी?

हा डास दिवसा चावतो, लांब उडतही नाही. पुरुष सकाळीच कारखान्यावर. अक्का मात्र दिवस मावळेपर्यंत त्याच्याच डोक्यावर.

"आत का नाही बसत?"

"आत दिसतंय का? तीन बाजूंनी शेजाऱ्याच्या भिंती. खिडकी कुठनं काढू?"

आत डोकावले. भरदुपारी बल्ब लावलेला. विडीचा दोरा दिसायला उजेड हवा, आणि उजेड फक्त दारात.

मागं जाऊन सगळ्यांच्या फरश्या उचलल्या. नऊ खड्ड्यांत अळ्या. लाजेची गोष्ट अशी की जूनमध्ये यातल्याच एका फरशीवर उभी राहून मी 'अळ्या नाहीत' लिहिलं होतं. फॉर्मात बॅरल, माठ, कुंडी, टायर, फ्रिजचा ट्रे आहे. नळाच्या खड्ड्याला रकाना नाही. 'इतर'मध्ये लिहिलं.

पाणी मगानं उपसलं. तेवढ्यानं भागत नाही, अंडी भिंतीला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. अक्कांनी विटेच्या तुकड्यानं कडा घासून काढल्या, मी टॉर्च धरला. मग फरशी जागेवर ठेवून, पोतं झटकून त्या पुन्हा तिथंच बसल्या. हजारातल्या तीनशे विड्या अजून व्हायच्या होत्या.