मोडायला आणली तर किती येतील?

साखरपुड्याच्या अंगठीसाठी तीन शनिवार झवेरी बाजारात घातले आणि तिन्ही वेळा आई सोबत, त्यामुळे प्रत्येक काउंटरवर तिचा एकच प्रश्न, मोडायला आणली तर किती द्याल? अजून साखरपुडा व्हायचाय आणि ही मोडायचं बोलतेय, मी आणि तो (होणारा नवरा) नुसते एकमेकांकडे बघायचो. पण रात्र रात्र रील्स बघून जे कळलं नव्हतं ते त्या एका प्रश्नाने कळलं.

कारण उत्तर सगळीकडे साधारण तेच. सोन्याचे येतील, खड्याचं बघू. म्हणजे खड्याचं वजन वजा करून उरलेल्या सोन्याला त्या दिवसाचा भाव, विषय संपला. हिऱ्याला काही जण बायबॅक देतात पण स्वतःच्याच बिलावर आणि तेही कापून. लॅबच्या हिऱ्याला तर एका काकांनी सरळ हात जोडले. आता तो खोटा नसतो हां, तोही कार्बनच, कडकपणा तोच 10 पैकी 10, इथे सुरतेत बनतो आणि नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, पण मशिनी वाढत गेल्या तसा भाव असा कोसळलाय की परत घ्यायला कोण तयार होणार.

तो म्हणाला, मग लॅबचा मोठ्ठा घेऊया ना, कोणाला कळतंय. पॉइंट होता. पण मला मुळात पांढरा खडाच आवडत नाही! अंगठीत हिराच हवा हे आपल्याकडे तरी कधी ठरलं, डी बिअर्स या हिरे विकणाऱ्या कंपनीची ती ‘हिरा कायमचा’वाली जाहिरात 1947 ची, आणि माझ्या आजीच्या साखरपुड्यात साडी, ओटी आणि साखरेचा पुडा एवढंच होतं. खड्याचे पैसे परत येणारच नसतील तर निदान रोज बघून बरं वाटेल असा तरी घेऊ, असं मी ठरवून टाकलं.

मला नीलम हवा होता. आई तिथल्या तिथे उठून उभी. शनीचा खडा, पत्रिका दाखवल्याशिवाय घालायचा नाही. मी म्हटलं, अगं डायनाच्या बोटात तोच होता, सिलोनचा, 12 कॅरेटचा. तर म्हणते, मग पुढे काय झालं बघितलंस ना. यावर काय बोलणार.

पाचू सुंदर, पण आत बारीक चिरा असतात, बऱ्याचदा त्या तेलाने भरलेल्या असतात, आणि मी रोज लोकलच्या दांड्याला लटकणारी बाई. चंद्रकांत (मूनस्टोन) तर कडकपणात 6 वरच अडकतो. धुळीत जी बारीक वाळू असते ना क्वार्ट्झची, तिचा कडकपणा 7, म्हणजे त्याच्या खालचा खडा रोज घातला की हळूहळू चरे पडून निस्तेज होणार. मोत्याचं तर नावच नको, 2.5.

तिसऱ्या शनिवारी एका जिन्यावरच्या छोट्या दुकानात काकांनी कागदाची पुडी उघडली आणि आत एक राखाडी-जांभळा खडा, पावसाळ्यात संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर आभाळ असतं ना, तसा. स्पिनेल. कडकपणा 8. नीलम बहुतेक तापवून रंग खुलवलेला असतो, हा सहसा नाही. ब्रिटिश मुकुटात पुढे जो मोठा लाल माणिक आहे ना, तोही माणिक नाहीच, स्पिनेलच आहे! शेकडो वर्षं सगळे फसले होते म्हणे. हे ऐकून तो एकदम खूश, आई मात्र मुद्द्यावर.

“कुठल्या ग्रहाचा?”

“हा रंग कुठल्याच ग्रहाचा नाही हो ताई.”

आई बसली परत खुर्चीवर.

(जाता जाता, खड्याचं कॅरेट म्हणजे वजन, 1 कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, आकार नाही. नीलम हिऱ्यापेक्षा जड, म्हणून तेवढ्याच कॅरेटचा नीलम वरून लहान दिसतो. मिलीमीटर विचारा.)

खडा वर उचललेला नको म्हटलं, ओढणीत अडकतो, म्हणून कडेने पूर्ण सोन्याचं कोंदण करून घेतलं. आईला सोनं 22 कॅरेट हवं होतं (सोन्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता, वजन नाही) पण ते मऊ पडतं, शेवटी 18 वर आली, 750 चा (म्हणजे हजारात 750 भाग सोनं) हॉलमार्क भिंगातून स्वतः बघितल्यावर. बिलात सोनं आणि खडा वेगवेगळे लिहा, हेही तिनेच सांगितलं.

साखरपुड्यात मावशीने माझा हात धरून दोनदा विचारलं, हिरा कुठंय गं? आई कपाटात बिल ठेवत होती, तिथूनच ओरडली, “साडेतीन ग्रॅम सोनं आहे!”