‘पण आपला त्यात काय संबंध?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनच्या शाळेत शिकवते आणि कॅनडाच्या मूळनिवासींवर झालेल्या अन्यायाबद्दल वाचत असते, हे कळलं की गणपतीच्या पंगतीत कुणीतरी हमखास म्हणतं, “गोऱ्यांनी केलेलं ते गोऱ्यांनी निस्तरावं. आपण तर स्वतःच इंग्रजांचं राज्य भोगलंय.”

संबंध जमिनीचा आहे. वडिलांच्या सातबाऱ्याच्या भानगडी बघत वाढल्यामुळे असेल, पण मला या विषयाची गोडी भाषणांनी नाही, कागदांनी लावली. आमचं घर १८१८च्या अजेटन्स कराराच्या हद्दीत येतं. इंग्रज सरकारने घेतलेली मिसिसॉगा या मूळनिवासी लोकांची ६,४८,००० एकर जमीन. मोबदला वर्षाला ५२२ पौंड १० शिलिंगांचा माल. शेजारच्या टोरांटोचा व्यवहार तर त्याहून मासलेवाईक. १७८७च्या दस्तात जमिनीचं वर्णनच नव्हतं! आपल्या तलाठ्यानेसुद्धा असा कागद भिरकावून दिला असता. १८०५मध्ये दहा शिलिंग देऊन तो पक्का करून घेतला आणि २०१०मध्ये कॅनडा सरकारला तो दावा साडेचौदा कोटी डॉलर देऊन मिटवावा लागला. मिसिसॉगा शहराला नाव त्यांचं, पण क्रेडिट नदीकाठची त्यांची वस्ती १८४७मध्येच उठून हॅगर्सव्हिलजवळ गेली. तिथे त्यांना जागा दिली ती सिक्स नेशन्स या दुसऱ्या मूळनिवासी समूहाच्या लोकांनी.

सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५मध्ये ९४ शिफारशी केल्या, त्यानंतर आम्हा शिक्षकांची प्रशिक्षणं सुरू झाली. त्यात भर, आयोगाने ज्यांची चौकशी केली त्या, सरकार आणि चर्चने मूळनिवासी मुलांसाठी चालवलेल्या निवासी शाळांवर. घरातून उचलून नेलेली सुमारे दीड लाख मुलं, तोडलेली भाषा, परत न आलेली पोरं. ते शिकायलाच हवं. ब्रँटफर्डची मोहॉक इन्स्टिट्यूट इथून फार लांब नाही. १९७०मध्ये बंद झाली. रोजच्या पांचट लापशीवरून मुलं तिला ‘मश होल’ म्हणायची. इमारतीच्या मागच्या भिंतीच्या विटांवर त्यांनी कोरलेली नावं अजून वाचता येतात. काही अक्षरं इतकी खाली आहेत की मला वाकावं लागलं.

पण ३० सप्टेंबरला या मुलांच्या आठवणीत नारिंगी शर्ट घालून सगळी शाळा येते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या ऑन्टारियो प्रांताचा, या जमिनीच्या करारांची ओळख करून देणारा करार सप्ताह असतो, तो कुणाच्या लक्षातही नसतो. माझ्या मते हे सोयीचं आहे. दुःखाबद्दल हळहळता येतं. जमिनीचा हिशेब मात्र आपल्या अंगणापर्यंत येतो.

आणि ‘आपण बाहेरचे’ म्हणणाऱ्यांनी नागरिकत्वाची शपथ नीट आठवावी. आयोगाची शेवटची, ९४वी शिफारस तिच्याबद्दलच होती. २०२१पासून त्या शपथेत मूळनिवासींच्या हक्कांचा आणि करारांचा उल्लेख आहे. इथे जन्मलेल्या गोऱ्याला ती घ्यावी लागत नाही, आपल्याला लागते.

गेल्या वर्षी करारांचा नकाशा मुलांबरोबर घरी पाठवला, तर एका गुजराती पालकांचा फोन आला. “मॅडम, आमच्या घराच्या कागदांना काही धोका नाही ना?” नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, ते ५२२ पौंड दर वर्षी खरंच मिळत होते का? हा प्रश्न मला वर्गातल्या एकाही मुलाने विचारला नव्हता. या नोव्हेंबरात मी तिथूनच सुरुवात करणार आहे.